दानेश्वरीच्या नावचं दूध

६ जानेवारी २००३, कोल्हापूर

ही डायरी बाळासोने दिली. तो विम्याचा एजंट. वर्षाच्या सुरुवातीला गिऱ्हाइकांना डायऱ्या वाटतो. मी त्याचं गिऱ्हाईक नाही, पण होईन अशी त्याला आशा आहे. डायरी फुकट देतोस तसा विमापण दे की, म्हणालो, तर नाकातून हसला. माणसाचा आवाज आधी माझ्या लक्षात राहतो, चेहरा मागून. धंदाच तसा आहे.

रिक्षावर कर्णे लावून गावभर जाहिरात फिरते, साड्यांचा सेल, कुस्तीचं मैदान, पतसंस्थेची निवडणूक, त्यातला आवाज बहुतेक वेळा माझा असतो. शाहूपुरीत एक खोली आहे, भिंतींना जुन्या गाद्या ठोकल्यात, तिथे कॅसेट भरून देतो. पोरवयात एसटी स्टँडवर आलेपाक विकला, तिथे गळा तयार झाला. ना मालक, ना पगार, ना रजा. याचा मला आजवर गर्वच होता.

आज लिहायला बसलो ते दानेश्वरीमुळे. तिच्या हृदयाची एक झडप लहानपणच्या सांधेतापाने आखडली आहे. लग्नानंतर लगेचच कळलं होतं, त्यापायी मूलही होऊ दिलं नाही. आता डॉक्टर म्हणतात, झडप बदलावी लागेल. कधी, म्हणून विचारलं. वर्षाच्या आत, आणि जितकं लवकर तितकं बरं. खर्चाचा आकडा ऐकून मी खिशातून काढलेला पेन परत खिशात ठेवला.

साहेबाला सरकार देतं, कामगाराला कारखाना देतो. आवाज विकणाऱ्याला कोण देतं, ते आता शोधायचं.

९ जानेवारी

बाळासोला घरी बोलावलं. अर्जात 'पूर्वीचा आजार' असा रकाना आहे. तो म्हणाला, तिथे रेघ ओढायची. मग कंपनीचा डॉक्टर तपासेल, तिथे वहिनींनी नाही म्हणायचं, बस्स. दानेश्वरी चहा गाळत ऐकत होती.

बाळासो गेल्यावर मी तिची तालीम घेतली. 'नाही' कसं म्हणायचं ते शिकवलं. लगेच नाही म्हटलं तर संशय येतो, थोडं आठवल्यासारखं करून म्हणायचं. तिने दोन-तीनदा म्हणून दाखवलं. चांगलं म्हणाली.

२० जानेवारी

सगळं मुसळ केरात. कंपनीच्या डॉक्टरने विचारलं, कधी काही त्रास? ही म्हणाली, "हाय की. झडप हाय."

बाहेर पडलो. रंकाळ्यापर्यंत तसेच चालत आलो. मग तीच म्हणाली, "त्यांनी छातीला नळी लावलीती. त्यांस्नी ऐकू येनारच हुतं. मग खोटं बोलून तोंड कशाला घान करायचं?"



३ फेब्रुवारी

कंपनीचं उत्तर आलं. विमा देतो, पण हृदयाचं काही झालं तर मिळणार नाही. म्हणजे घर पुरात उभं आहे आणि विमा आगीचा. बाळासोला म्हणालो, तू ठेव तुझ्याकडे. तो दुसऱ्या कंपनीचं सांगू लागला. आता खासगी कंपन्यापण आल्यात. तिथेही गेलो. गळ्यात टाय बांधलेल्या पोराने गोड आवाजात तेच सांगितलं.

९ फेब्रुवारी

मेव्हणा आला होता, शिवाप्पा. दानेश्वरीचा थोरला भाऊ, कागलच्या पुढे तीन कोसांवर त्यांचं गाव. ऊस, दोन म्हशी, मोठा गोठा. सरळ माणूस, बहिणीला दानव्वा म्हणतो. जेवण झाल्यावर म्हणाला, "दाजी, पाचगावचा प्लॉट विका. उसाचं बिल आलं की मीबी घालतो. दानव्वाचं काम हाय, याला थांबायचं नस्तंय."

मी म्हणालो, प्लॉट कुठे पळून जातोय? शहाणा माणूस आधी दुसरी दारं ठोठावतो. तो प्लॉट मी वीस वर्षं गळा फोडून घेतला आहे. त्यावर घर बांधायचं, खाली आवाजाची खोली, वर आम्ही.

मग तो इकडचंतिकडचं बोलत बसला. त्यांच्या गावच्या दूध संस्थेच्या चेअरमनने बायपास करून घेतली आणि एक रुपया लागला नाही, जिल्ह्याच्या दूध संघाने सभासदांचा विमा काढलाय म्हणे. शिवाप्पा हे सांगून पुढे उसाच्या लागणीवर गेलासुद्धा. मी तिथेच थांबलो. माझे कान असेच आहेत. लोक जे सांगायला येतात त्यापेक्षा जाता जाता काय सांडून जातात तेच मला ऐकू येतं.

१२ फेब्रुवारी

त्या गावी जाऊन संस्थेचा सेक्रेटरी कृष्णात याला भेटलो. हुशार पोरगा. चहा पाजला, तालमीच्या मैदानातला माझा आवाज ओळखला, मग मोकळा झाला.

गट विमा आहे. डॉक्टरची तपासणी नाही. जुना आजार, नवा आजार, सगळं चालतं. फक्त एप्रिल ते मार्च वर्षभर दूध घातलेलं पाहिजे, मग पुढच्या एप्रिलपासून कार्ड. विमा सभासदाचाच, घरच्यांचा नाही. आणि सभासद खरा पाहिजे. मागं लोकांनी जनावर नसताना नावं लावली, दुसऱ्याचं दूध आपल्या नावावर घातलं. म्हणून आता संघाचा सुपरवायझर न सांगता येतो. दावणीला जनावर बघतो आणि रांगेत सभासद स्वतः किटली घेऊन उभा आहे का ते बघतो.

"सभासद बाईमानूस चालंल का?" मी विचारलं.

"चालंल की. बायकाच तर घालत्यात दूध."

येताना एसटीत मी एकटाच हसत होतो. मोठमोठ्या कंपन्या फिरलो आणि दार निघालं ते गोठ्याचं.

१३ फेब्रुवारी

दानेश्वरीला सगळं समजावून सांगितलं. म्हैस तिच्या नावावर, गोठा भावाचा, वर्षभर माहेरपण. वर्ष सरलं की ऑपरेशन, प्लॉटही जागेवर.

"आनि तवर?"

"तवर गोळ्या हायत की."

ती बराच वेळ भाकऱ्या थापत राहिली. मग म्हणाली, "म्हस जरा गरीब बघा. लाथ मारनारी नको."

२ एप्रिल, पाडवा

काल पहिलं दूध घातलं. म्हैस वडगावच्या बाजारातून आणली, नुकती व्यालेली. शिंगं वळलेली, नजर शांत. दानेश्वरीने स्वतः धार काढली. लहानपणीचा हात आहे, विसरत नाही. संस्थेत फॅट चांगली लागली. कृष्णातने तिचं नाव मोठ्याने पुकारलं. माझ्याएवढं नाही, पण बरं पुकारलं.

गुढी शिवाप्पाच्याच दारात उभारली. चन्नम्मा, त्याची बायको, मला म्हणाली, "दाजी, धार-शेन आमी करतो, दानव्वानं नुस्तं किटली धरून हुबं ऱ्हावं." मी म्हणालो, बघा, पण सुपरवायझर कधी टपकेल सांगता येत नाही, गोठ्यातपण तीच दिसली पाहिजे.

१८ मे

लग्नसराई. रोज दोन-तीन कॅसेट. आज दानेश्वरीचा फोन आला. गावचा फोन चढावर, देवळाजवळच्या दुकानात आहे. दोन शब्दांमागे एकदा श्वास घेत होती. म्हटलं, पळत आलीस काय? म्हणाली, व्हय. फोनसाठी पळते म्हणजे आठवण येत असणार. मन भरून आलं.

१४ जून, बेंदूर

कर्नाटकी बेंदराला गावी गेलो. बैलांबरोबर म्हशीचीही शिंगं रंगवली होती. गोठा असा झाडलेला की खाली बसून जेवावं. दानेश्वरी वाळली आहे, पण उन्हातानात कामाला लागल्यावर माणूस कातीव होतंच. गोठ्यापासून संस्थेपर्यंत तिच्याबरोबर चाललो. वाटेत दोन ओट्यांवर बसली. बायकांना गप्पांना ओटा दिसला की बसल्याशिवाय राहवतच नाही म्हणायचं. आज मात्र कुणाशी फारशी बोलली नाही.

चन्नम्माने पुन्हा मला गाठलं. धार काढू देत नाही, वैरणही स्वतः कापते, सांगितलेलं ऐकत नाही, म्हणाली. नणंद-भावजयीचं असतंच काहीतरी. मी दोघींना साड्या आणल्या होत्या, त्या दिल्या.

७ ऑगस्ट

कृष्णातचा फोन. सुपरवायझर येऊन गेला. पाऊस कोसळत होता, रांगेत पाच-सहा जणच होते, त्यात दानेश्वरी पोतं पांघरून उभी. अंगात ताप होता म्हणे, तरी आली. सुपरवायझरने शेरा मारला, खरी सभासद.

पेढे आणून शेजारी वाटले. कशाचे, ते सांगितलं नाही.

२२ ऑक्टोबर, वसुबारस

दूध कमी आलंय. म्हैस गाभण आहे, दोन महिन्यांत आटेल. कृष्णात म्हणाला, मार्चपर्यंत खंड पडता कामा नये. म्हणून दुसरी घेतली. आता एक आटली तरी दुसरी आहे. हे मला आधीच सुचायला हवं होतं.

दानेश्वरीने पैंजण काढून ठेवलेत, पायाला घट्ट होतात म्हणाली. पाय भरलेत खरे. मी म्हणालो, माहेरचं दूधतूप लागलं वाटतं अंगाला. ती हसली. चन्नम्मा उठून आत गेली.

१४ डिसेंबर

आज जे ऐकलं ते लिहून ठेवतो.

शिवाप्पाच्या घरी मुक्काम होता. दानेश्वरी भिंतीला टेकून बसूनच झोपते. आडवी झाली की खोकला येतो. मी म्हटलं, चुलीचा धूर. शिवाप्पा म्हणाला, दाजी, घरात गॅस येऊन चार वर्षं झाली.

झोपेत तिच्या छातीतून आवाज येत होता, पाण्याखालून कुणी बोलावं तसा. मी आयुष्यभर आवाज ऐकत आलोय. हा मला ओळखता आला नाही, असं लिहायला हात वळत नाही.

१६ डिसेंबर

डॉक्टरांना फोन केला. पेशंटला घेऊन या, म्हणाले. म्हटलं, गोळी वाढवून देता का? घेऊन या, पुन्हा तेच. आवाज चढला त्यांचा.

नेलं आणि त्यांनी लगेच दाखल करा म्हटलं, तर दूध कोण घालणार? आणि खंड पडला तर हे सगळं वर्ष पाण्यात. साडेतीन महिने राहिलेत. सूज उतरवायला लघवीची गोळी आहे, ती मीच दुप्पट घ्यायला सांगितली. ती घेतल्यावर पाय जरा उतरले असं चन्नम्मा म्हणते. म्हणजे उपाय लागू आहे.

१५ जानेवारी २००४

संक्रांतीला गेलो नाही. निवडणुकीची कामं यायला लागलीत. खरं म्हणजे जायला पाय उचलला नाही.

८ फेब्रुवारी

शिवाप्पाशी वाजलं. तो थेट शाहूपुरीतल्या खोलीवर आला. रेकॉर्डिंग चालू होतं, कार्यकर्ते बसले होते, त्यांच्यासमोरच म्हणाला, "दाजी, दानव्वाला उद्या आनून सोडतो. न्हायतर तुमी चला. माझ्या डोळ्यादेखत न्हाय बघवत." मी त्याला बाहेर नेलं. म्हटलं, एवढं वर्ष काढलं, आता दीड महिना. तो म्हणाला, "तुमी हिशोब करतासा, आनि ती तुमच्या हिशोबाला उतरायला बघत्या."

संध्याकाळी त्याच्याबरोबर गावी गेलो. दानेश्वरी गोठ्यात, चरवी मांडीत धरून, म्हशीच्या पोटाला डोकं टेकवून बसली होती. मला वाटलं धार काढतेय. ती विश्रांती घेत होती.

म्हटलं, चल घरी. सोडून देऊ.

"आता मोडू नगा," म्हणाली. "तुमी एवढं जुळवलंसा. मी सगळ्यांस्नी सांगितलंय, आमच्या मान्सानं मार्ग काढला म्हनून."

मी राहिलो नाही. शेवटच्या एसटीने परत आलो.

१ एप्रिल

कार्ड मिळालं. तिचा फोटो, तिचं नाव, सभासद म्हणून. कृष्णातने स्वतः घरी आणून दिलं. शिवाप्पाने हातात घेऊन पाहिलं आणि मला परत दिलं.

६ एप्रिल, बेळगाव

हृदयाचा मोठा दवाखाना इथे आहे. दोन दिवस तपासण्या. कार्ड दाखवल्यावर कुणी काही विचारलं नाही. खाट मिळाली, नर्स मिळाली, साहेब लोकांसारखं.

सर्जनने मला एकट्याला बोलावलं. शिवाप्पाही मागून आत आला. सर्जन तरुण आहे, आवाज खालच्या पट्टीतला, कानडी वळणाचा. सांगितलं की झडपेमागे फुफ्फुसात दाब फार वाढलाय, हृदयाची उजवी बाजू थकली, यकृत सुजलंय. आता टेबलवर घेतलं तर ती परत उतरणार नाही. गोळ्यांवर जितकं जमेल तितकं.

मी म्हणालो, कार्ड आहे. तो म्हणाला, कार्डाचा प्रश्न नाही. मी म्हणालो, पाचगावला प्लॉट आहे, तो विकतो, कुठल्याही मोठ्या दवाखान्यात नेतो. तो म्हणाला, पैशाचाही प्रश्न नाही. मग म्हणाला, "गेल्या वर्षी का आणलं नाही?"

शिवाप्पा माझ्याकडे पाहत होता. मला वाटलं, तो सांगेल. तो डॉक्टरला म्हणाला, "आमाला म्हाईत नव्हतं साहेब."

७ एप्रिल

तिला काय सांगायचं यावर सकाळपासून बोलणं जुळवत होतो. तिनेच विचारलं, "न्हाय म्हनाले न्हवं?"

मी होय म्हटलं. थोडं आठवल्यासारखं न करता.

"मग घरला चला. म्हशी ओरडत असतील."

२ मे

आम्ही शिवाप्पाकडेच आहोत. शाहूपुरीच्या खोलीला कुलूप. निवडणुकीत सगळ्यात जास्त काम असतं, पण यंदा दुसऱ्या कुणाचा आवाज फिरला. चांगला आहे पोरगा, शब्द जरा गिळतो.

मधे दोनदा तिच्या छातीत पाणी भरलं, दोनदा दाखल केलं. कार्डावर झालं. त्यामुळे दूध चालू ठेवणं भाग आहे, बंद केलं की कार्ड बंद. मी धार शिकलो. पहिले काही दिवस म्हैस मला जवळ येऊ देईना, आता देते. किटली घेऊन रांगेत मी उभा राहतो. कृष्णात तिचं नाव पुकारतो, मी पुढे होतो. कुणी काही म्हणत नाही.

१९ मे

आज सकाळी सुपरवायझर आला. नवीन आहे. रांगेत मला पाहिलं, वही पाहिली, सभासद कुठाय म्हणून विचारलं. कृष्णातने सांगितलं, आजारी आहे. तो म्हणाला, असं सगळेच सांगतात, घरी जाऊन बघतो. वाईट माणूस नव्हता. नियमाप्रमाणे चालला होता. त्याच्याजागी मी असतो तर मीही गेलो असतो.

अंगणात आल्यावर तो मोठ्याने म्हणाला, "दूध कोन घालतंय हितं? सभासदाला बाहेर बोलवा."

मी तोंड उघडायच्या आत आतून हाक आली.

"थांबा, पावनं. येतो मी."

मी आत धावलो. दानेश्वरी खाटेच्या कडेला बसली होती. पाय खाली सोडले होते, एका पायात चप्पल, दुसरा चपलेत शिरत नव्हता, इतका सुजलेला. एक हात किटलीकडे. किटली तर माझ्या हातात होती, तिथे नुसता पाण्याचा तांब्या होता. चन्नम्मा तिला धरून म्हणत होती, बस, बस अक्का. ही ऐकेना.

"मी खरी सभासद हाय," असं ती म्हणत होती. जोर लावून, एकेक शब्द.

मला बोलता येतं. त्या माणसाला अंगणातच गुंडाळला असता. कृष्णात होता, चेअरमन ओळखीचे, डॉक्टरचा दाखला आणता आला असता. हे सगळं डोक्यात एका क्षणात उभं राहिलं, सवयीने.

मी दारात येऊन म्हणालो, "साहेब, नाव काढा आमचं."

तो गोंधळला. म्हणाला, तसं नव्हे, नुसतं बघायचं होतं, पेशंटला त्रास नको. मी म्हणालो, काढा. कृष्णात मला बाजूला घेऊन म्हणाला, कार्ड जाईल, काका. म्हटलं, जाऊ दे. पाचगावच्या प्लॉटला गिऱ्हाईक बघायला बाळासोला फोन करतो.

आत येऊन तिच्या पायातली चप्पल काढली. पाय उचलून वर ठेवले. ती माझ्याकडे बघत होती. "नाव काढलंसा?" म्हणाली. होय म्हटलं. वाटलं रडेल. तिने मान मागे टेकवली.

संध्याकाळी धार काढली आणि किटली तशीच स्वयंपाकघरात नेली. चन्नम्माने तापवून पेला भरून आणला. मी धरला, दानेश्वरीने थोडं थोडं करून अर्धा घेतला. ओठावरची साय पुसून म्हणाली, "गोड हाय की."

मी विचारलं, आज कळलं होय?

"चाकलंच न्हवतं. माप कमी भरंल म्हनून सगळं घालायचो."

उरलेलं तिने मला दिलं. मी प्यालो.